मदत हवी आहे: 'मीकली'ला मराठी शब्द (तातडीचं!)

घाईतला_परळकर: इंग्रजी 'मीकली'ला (meekly) नेमका मराठी शब्द कोणता? 'नम्रपणे' सांगू नका, तो संपादक बाईंनी खोडलाय. रात्री पान लागायचंय. पटकन सांगा.

बाराखडी: लीनतेने, विनयाने, नम्रभावे. घ्या हवा तो.

चष्मेबहाद्दर: आधी वाक्य द्या. माप न देता शिंप्याकडे ब्लाऊज टाकताय. @बाराखडी, हे सगळे 'हम्बली'चे शब्द. नम्र माणूस हात जोडूनही ठाम नाही म्हणतो. 'मीकली' वागणारा विरोधच करत नाही, ऐकून घेतो.

जुना_वाचक: मोल्सवर्थ उघडा, नेटवर फुकट आहे. हल्ली कोणी कोश बघत नाही.

चष्मेबहाद्दर: आजोबा, 1831चा मोल्सवर्थ मराठी-इंग्रजी. इथे उलटा हवा, कँडीसाहेबांनी पुरा केलेला 1847चा.

जुना_वाचक: दोन्ही घरात आहेत. आजोबा कोणाला म्हणता?

घाईतला_परळकर: अहो भांडू नका. वाक्य: फर्स्ट क्लासच्या डब्यात टीसी येतो, 'ही मीकली हँडेड ओव्हर हिज पास.' बस्स.

लोकलवाली: मग 'मुकाट्याने'! 'त्याने मुकाट्याने पास पुढे केला.' डोळ्यांसमोर दादर उभं राहतं. 'निमूटपणे'ही चालेल.

रोजचा_प्रवासी: सेकंडचा पास होता का? मग नुसता पास देऊन सुटका नाही. भाड्यातला फरक आणि वर दंड, तो किमान 250 रुपये.

घाईतला_परळकर: ही कथा आहे हो!!

वसईकर: मत्तय 5:5 मध्ये 'मीक'ला 'सौम्य' म्हटलंय: 'जे सौम्य ते धन्य'. आम्ही लहानपणापासून ऐकतोय. मीक असणं हा गुण आहे, त्याला पळपुटेपणा का समजता?

चष्मेबहाद्दर: विशेषणाला तो मान आहे, मान्य. पण क्रियाविशेषणाला हल्ली हेटाळणीचा वास येतो. इंग्रजी पेपरात संघ 'मीकली सरेंडर' करतो तेव्हा 'सौम्यपणे शरण गेला' लिहाल? तिथे 'सपशेल नांगी टाकली'च हवं.

बाराखडी: मग 'मवाळपणे' घ्या. मवाळ म्हणजे तेच ना, गोखल्यांसारखं.

जुना_वाचक: गोखले मीक?! कौन्सिलात अंदाजपत्रकावर त्यांनी सरकारला आकडे काढून धारेवर धरलंय. 1907ला सुरतेत फूट पडली ती काय मान खाली घालण्यावरून?

बाराखडी: मी शब्दाबद्दल बोलत होतो, गोखल्यांबद्दल नाही.

नवीन_सभासद: माझाही प्रश्न. रजेच्या अर्जात 'आय मीकली रिक्वेस्ट' लिहू का? साहेब कडक आहेत.

लोकलवाली: नको हो! स्वतःबद्दल असं कोणी लिहीत नाही. 'हम्बली' लिहा, नाहीतर सरळ रजा मागा.

घाईतला_परळकर: 'मुकाट्याने' बाईंना पाठवलं. परत आलं. म्हणतात, तो पास देताना 'सॉरी साहेब' म्हणतो, मग मुकाट्याने कसा?

लोकलवाली: तो बोलतो हे आता सांगताय?

घाईतला_परळकर: मागच्या ओळीत होतं. वाटलं नाही महत्त्वाचं.

चष्मेबहाद्दर: तेच तर महत्त्वाचं. 'मुकाट्याने' आणि 'निमूटपणे'मध्ये तोंड बंद असतं. 'मीकली'मध्ये माणूस बोलू शकतो, पण आवाजात जोर नसतो. बोलण्याला 'पडेल आवाजात' किंवा 'नरमून' लावा आणि पास देण्याला काहीच लावू नका: "'सॉरी साहेब,' तो नरमून म्हणाला आणि त्याने पास पुढे केला." प्रत्येक इंग्रजी क्रियाविशेषणाला मराठी जोडीदार हवाच असं नाही.

वसईकर: 'ओशाळून' जास्त गोड वाटतं.

चष्मेबहाद्दर: ओशाळणं म्हणजे लाज वाटणं. त्याला लाज वाटली का, ते लेखकाने लिहिलेलं नाही.

घाईतला_परळकर: 'नरमून' पास झालं. आभार सगळ्यांचे. आता पुढच्या पानावर 'शीपिशली' आहे.

लोकलवाली: आधी मागची-पुढची वाक्यं टाका.