पंचांची चूक दिसत असूनही रिव्ह्यू संपले म्हणून ती तशीच ठेवायची का?

प्रश्न

डीआरएसच्या, म्हणजे पंचांच्या निर्णयाविरुद्ध संघांना तिसऱ्या पंचाकडे दाद (रिव्ह्यू) मागू देणाऱ्या पद्धतीच्या, दोन बाबींवर येथील जाणकारांचे मत हवे आहे. ही पद्धत का आली, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. जानेवारी २००८ च्या सिडनी कसोटीत अँड्र्यू सायमंड्स ३० धावांवर असताना इशांत शर्माचा चेंडू बॅटची कड घेऊन धोनीच्या हातात गेला, कड लागल्याचा आवाज घरी बसून सामना पाहणाऱ्यांनाही ऐकू आला, तरी पंच स्टीव्ह बकनर यांनी त्याला बाद दिले नाही आणि तो पुढे नाबाद १६२ धावा करून गेला. त्याच वर्षी भारताच्या श्रीलंका दौऱ्यात रिव्ह्यूचा पहिला प्रयोग झाला.

माझी पहिली शंका रिव्ह्यूंच्या मर्यादेची आहे, म्हणजे प्रत्येक संघाला ते मोजकेच मिळतात याची. २०१९ मध्ये हेडिंग्लेच्या कसोटीत इंग्लंडला जिंकण्यासाठी दोन धावा हव्या होत्या आणि त्यांची शेवटची जोडी खेळत होती. त्या वेळी नेथन लायनच्या चेंडूवर बेन स्टोक्सविरुद्धचे पायचीतचे अपील पंचांनी फेटाळले. चेंडू यष्टीवर जात असल्याचे हॉक-आयने, म्हणजे चेंडूचा मार्ग दाखवणाऱ्या यंत्रणेने, नंतर दाखवले, परंतु ऑस्ट्रेलियाने शेवटचा रिव्ह्यू आधीच्याच षटकात लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर घालवला होता. चूक साऱ्या जगाला दिसत असताना ती दुरुस्त करायची नाही, हे कोणत्या न्यायात बसते?

दुसरी शंका ‘अंपायर्स कॉल’ची, म्हणजे निसटत्या पायचीतमध्ये मैदानावरील पंचाचाच निर्णय कायम ठेवण्याची. अगदी सारख्या दोन चेंडूंपैकी एकावर फलंदाज बाद आणि दुसऱ्यावर नाबाद ठरतो, कारण मैदानावरील पंचाने आधी बोट वर केले होते की नाही, एवढाच काय तो फरक. याचे समर्थन कसे करायचे?

प्रतिसाद १

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. पडद्यावर दिसणारी चेंडूची रेषा सलग असली, तरी तिचे दोन भाग असतात. पॅडला लागेपर्यंतचा मार्ग निरनिराळ्या कोनांतल्या कॅमेऱ्यांनी प्रत्यक्ष टिपलेला असतो. त्यापुढचा मार्ग मात्र घडलेलाच नसतो, तो गणिताने काढलेला अंदाज असतो. हा अंदाज किती भरवशाचा, हे मुख्यतः टप्पा आणि पॅड यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू पुढे आलेल्या फलंदाजाच्या पॅडवर टप्प्यानंतर लगेच आदळला, तर चेंडू किती वळला आणि किती उसळला हे मोजायला यंत्राच्या हाती फार थोडी चित्रे असतात, आणि तेथून यष्टीपर्यंतचे अंतर मात्र बरेच उरलेले असते. तेथे दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडणे अशक्य नाही. खुद्द चेंडूचा व्यास सुमारे ७.२ सेंटिमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे अर्ध्या चेंडूची अट कशासाठी आहे ते कळते.

म्हणून रिव्ह्यूमध्ये विचारला जाणारा प्रश्न ‘फलंदाज बाद आहे का?’ असा नसतो. पंचांचा निर्णय फिरवण्याइतका पुरावा आहे का, असा तो असतो. चेंडूचा निम्मा किंवा अधिक भाग यष्टीवर आदळत असेल, तर नाबादचा निर्णय फिरतो. चेंडू यष्टीला पूर्णपणे चुकत असेल, तर बादचा निर्णय फिरतो. यांच्या मधला जो पट्टा आहे, तेथे पंचांचे मत कायम राहते. सारख्या चेंडूंवर वेगळे निकाल लागतात हे खरे. पण ज्या जागी यंत्राचीच खात्री नाही, तेथे यंत्राचा शब्द अंतिम मानणे मला अधिक अन्यायाचे वाटते. २०१७ पासून अंपायर्स कॉलचा निकाल लागल्यास संघाचा रिव्ह्यूही कमी होत नाही, त्यामुळे पूर्वीची मोठी तक्रार दूर झालेली आहे.

प्रतिसाद २

अंपायर्स कॉलविषयी वर जे लिहिले आहे ते मला मान्य आहे. मर्यादेच्या बाबतीत मात्र मी प्रश्नकर्त्याच्या बाजूने आहे.

धावबादचा विचार करा. नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबानच्या कसोटीत सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचाने धावबाद ठरवलेला पहिला फलंदाज झाला, आणि तेव्हापासून धावबादसाठी मैदानावरचे पंच कितीही वेळा तिसऱ्या पंचाकडे विचारणा करू शकतात. त्याचा हिशेब कोणत्याही संघाच्या खात्यावर लिहिला जात नाही. मग पायचीतची ढळढळीत चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी कर्णधाराच्या अंदाजावर का टाकायची? आता तर पुढच्या पायाचा नोबॉलही तिसरा पंच प्रत्येक चेंडूवर स्वतःच तपासतो. ही पद्धत २०२० मध्ये आली तेव्हा खेळ रेंगाळेल अशी भीती होती, पण तसे काही झाले नाही, कारण गोलंदाज आपल्या खुणेपर्यंत परत जाईतो तपासणी उरकलेली असते.

माझी सूचना एवढीच आहे की अपील झाले असेल आणि टप्पा, आघात व यष्टी या तिन्ही कसोट्यांवर निर्णय निःसंशय चुकीचा दिसत असेल, तर तिसऱ्या पंचाने स्वतःहून मैदानावरील पंचाला कळवावे. निसटत्या निर्णयांसाठी संघांचे रिव्ह्यू आहेत तसेच मोजके ठेवावेत. रिव्ह्यू जपून वापरणे हे कर्णधाराचे कौशल्य मानणारे अनेक जण आहेत, परंतु ते कौशल्य क्रिकेटचे आहे असे मला कधीच वाटलेले नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. अंपायर्स कॉलविषयीची माझी शंका बहुतांशी फिटली. परंतु तिसऱ्या पंचाला अधिक अधिकार द्यायचे, तर झेलबादच्या निर्णयांत त्याच्याकडूनही घोटाळे होतात, त्याचे काय?

प्रतिसाद ३

याचे उत्तर भारताच्या २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातच आहे. पर्थला मिचेल स्टार्कच्या चेंडूवर के. एल. राहुलला मैदानावरील पंचांनी नाबाद दिले होते. तिसऱ्या पंचांनी स्निकोवरची (आवाजाची रेषा दाखवणाऱ्या यंत्रणेवरची) लाट पाहून तो निर्णय फिरवला. चेंडू बॅटजवळून जात असतानाच बॅट पॅडवरही आदळत होती, आणि लाट नेमकी कशाची हे ठरवण्यासाठी समोरच्या बाजूचे जे चित्र हवे होते, ते त्यांना मिळालेच नाही. पुढे मेलबर्नला याच्या उलट घडले. यशस्वी जैस्वाल ८४ धावांवर असताना स्निकोची रेषा सपाट होती, तरी ग्लोव्हजजवळ चेंडूची दिशा बदललेली डोळ्यांना दिसत होती, म्हणून त्याला बाद ठरवले गेले. माझ्या मते मेलबर्नचा निर्णय बरोबर होता आणि पर्थचा घाईचा. स्निको फक्त आवाज दाखवतो. तो आवाज कशाचा, हे माणसालाच ठरवावे लागते, आणि त्यासाठी त्याला सर्व कोन पाहायला मिळायला हवेत.

येथे एक मुद्दा नेहमी बाजूला राहतो. ही यंत्रणा बहुतेक मालिकांमध्ये प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीच्या खर्चाने येते, म्हणून ऑस्ट्रेलियात स्निको असतो तर इतर अनेक ठिकाणी त्याच प्रकारची अल्ट्राएज ही यंत्रणा, आणि कॅमेऱ्यांची संख्याही सर्वत्र सारखी नसते. तिसऱ्या पंचाचे अधिकार वाढवण्यास माझी हरकत नाही, मात्र त्याआधी आयसीसीने हा खर्च स्वतःकडे घ्यावा आणि प्रत्येक कसोटीत तीच साधने, तेच कॅमेरे द्यावेत.