मदत हवी आहे: छोट्या कॅम्पिंग ट्रेलरसाठी छत कोणतं घ्यावं?

सुटं_चाक
मंडळी, शनिवारी निघायचंय, तेव्हा पाल्हाळ नको. ट्रेलर लहान आहे, आत उभं राहता येत नाही. पाऊस आला की सगळा बोजवारा. जुनं छत गेल्या खेपेला मोडलं. आता पॉप-अप (घडीच्या सांगाड्याचं, चार पायांवर उभं राहणारं छत) घेऊ, ट्रेलरच्या बाजूला जोडायचं कापडी छत म्हणजे ऑनिंग घेऊ, की जाळीची खोली? एकच काय ते सांगा. 'तुमच्या गरजेवर अवलंबून आहे' हे उत्तर नको.

खुंटी_आणि_दोरी
गरज तर सांगाल? दार कुठल्या बाजूला? स्वयंपाक कुठे करता? रोज मुक्काम हलवता की चार दिवस एकाच जागी? आणि छत मोडलं ते वाऱ्याने की पाण्याने?

सुटं_चाक
थेंबाच्या आकाराचा असतो ना, तसला ट्रेलर. दोघं झोपतो. मोडलं म्हणजे मोडलं, आता त्याचं शवविच्छेदन कशाला?

तीनबायतीन
डोळे झाकून ३ बाय ३ मीटरचं पॉप-अप घ्या. आठ वर्षं वापरतोय, दोघं असलो की पाच मिनिटांत उभं. फक्त सरळ पायांचं बघा. तिरप्या पायांवाल्याचं '१० बाय १० फूट' हे माप जमिनीवरचं असतं, डोक्यावर कापड बहुतेकदा ८ बाय ८ च येतं.

घडीची_खुर्ची
आणि ते ठेवायचं कुठे? घडी केली तरी सव्वा-दीड मीटर लांब, वजन वीस किलोच्या आसपास. थेंबाएवढ्या ट्रेलरमध्ये ते रात्री गादीवर आणि माणसं बाहेर. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आमचं पॉप-अप शेजाऱ्यांच्या तंबूवर जाऊन बसलं होतं.

तीनबायतीन
बांधायचा आळस केलात तर बसणारच. चारही कोपऱ्यांना ताणदोऱ्या, खुंट्या तिरप्या ठोकलेल्या, वाळू असेल तर दोरीच्या टोकाला वाळूने भरलेली पिशवी बांधून ती पुरायची. छताचा काय दोष?

जाळीदार
डासांचं कोणीच बोलत नाहीये. जाळीची खोली घ्या, विषय संपला. थंडी असेल तर कनाती लावून शेगडी आतच पेटवायची.

खुंटी_आणि_दोरी
जाळीदार, हे कृपया कोणाला सांगू नका. कनाती लावून आत शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला ना वास ना रंग. डास परवडले.

जाळीदार
अहो, एक बाजू उघडी ठेवायची, हे गृहीत धरलं होतं.

घडीची_खुर्ची
गृहीत धरण्याचीच स्पर्धा आहे या धाग्यावर.

ग्रीसगन
छतातलं मला कळत नाही. पण शनिवारी निघताय तर चाकांच्या बेअरिंगना ग्रीस भरलंय का? दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात न्या. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागलं तर पुढे जाऊ नका.

सुटं_चाक
बेअरिंग कुठून आलं मध्येच? मी छताचं विचारतोय. बरं, ऐका. मोडलं ते रात्री. वारा नव्हताच. सकाळी बघतो तर मधोमध हौद आणि सांगाड्याच्या दोन पट्ट्या वाकलेल्या. स्वयंपाक मागचं झाकण उघडून त्याच्याखालीच करतो, दुसरीकडे कुठे करणार? मुक्काम तीन-चार दिवस. दिवसा गाडी सोडवून फिरायला जातो, ट्रेलर तिथेच.

खुंटी_आणि_दोरी
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतंत! एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमचं छत नऊ चौरस मीटरचं असेल तर दहा मिलिमीटरला नव्वद लिटर, म्हणजे नव्वद किलो. एरवी ते वाहून जातं, पण कापड ढिलं असलं की खोलगट भाग होतो, तिथे पाणी थांबतं, त्या वजनाने खळगा आणखी वाढतो. झोपताना एका बाजूचे दोन पाय खाली करून ठेवले असतेत तर वाचलं असतं. त्यासाठी विचारलं होतं, शवविच्छेदनासाठी नाही.

आता छत. दाराच्या बाजूचं ऑनिंग तुमच्या मागच्या झाकणाला उपयोगाचं नाही. पॉप-अप मागे उभं केलंत तर ते आणि ट्रेलर यांच्यात फट राहते, आणि धार बरोबर स्वयंपाक करणाऱ्याच्या मानेवर पडते. शिवाय झाकण उघडल्यावर त्याचं टोक किती उंच जातं ते मोजा आणि ते छताच्या कडेच्या उंचीशी ताडून पाहा. खोक्यावर बहुधा मधल्या शेंड्याची उंची छापतात.

माझं मत, ३ बाय ४ मीटरची ताडपत्री. एक कड उघड्या झाकणावरून पुढे ट्रेलरच्या टपावर न्यायची, तिथून दोऱ्या दोन्ही बाजूंनी खाली. दुसरी कड दोन खांबांवर, त्यातला एक वीतभर बुटका. कापड पॉलिस्टरचं घ्या, नायलॉन भिजलं की सैल पडतं. गाडी सोडवून जाता, त्यामुळे ट्रेलरला बांधलेलं चालेल.

तीनबायतीन
अंधारात, पावसात ताडपत्री बांधून बघा एकदा. मग माझी आठवण येईल.

घडीची_खुर्ची
+१, इतका वेळ भांडलो तरी हे मान्य. अंगणात एकदा बांधून, दोऱ्यांच्या लांबीवर खुणा करून ठेवा. आणि टपावर जिथे कड घासते तिथे जुना टॉवेल घाला, नाहीतर रंग जाईल.

सुटं_चाक
मोजलं. झाकणाचं टोक १९८ सेंटिमीटर. जुन्या छताची कड १९० ला होती, म्हणजे झाकण अर्धंच उघडत होतो आणि ते तसंच असतं असं समजत होतो. ताडपत्री घेतो.

ग्रीसगन, आहात का? बेअरिंगना ग्रीस शेवटचं कधी भरलं ते आठवत नाही. डावं चाक हाताने फिरवलं तर खरखर येते. शनिवारपर्यंत जमेल?

ग्रीसगन
ट्रेलर किती वर्षांचा? हबला ग्रीस भरायचं निपल आहे की नाही? चाक वर-खाली हलवून बघितलंत का?