कॅसिनोची मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यावेत का?

मिहानकर
भाऊ हो, 2023 मध्ये माझ्याकडे डेल्टा कॉर्पचे, म्हणजे गोव्यात कॅसिनो चालवणाऱ्या कंपनीचे, शेअर होते. 11 जुलैला जीएसटी परिषदेनं कॅसिनोत लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के कर ठरवला. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तर्री-पोह्याची प्लेट हातात, आणि मोबाइलवर भाव 20 टक्क्यांहून जास्त पडलेला. पोहे तसेच राहिले. सप्टेंबरात 11,139 कोटींच्या कराची नोटीस आली, कंपनीची बाजारातली किंमत त्याच्या निम्मीही नव्हती. तोटा सोसून निघालो.

तेव्हापासून मला वाटून राहिलं की धंदा बरोबर होता, मी शिरलो चुकीच्या दारानं. कॅसिनो चालवणाऱ्यापेक्षा त्याला मशीन आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यात पैसे टाकावेत. सिडनीची अ‍ॅरिस्टोक्रॅट, अमेरिकेची लाइट अँड वंडर, स्वीडनची इव्होल्यूशन. पहिल्या दोन मशीन विकतात, नाहीतर कॅसिनोत ठेवून रोजचं भाडं किंवा कमाईतला वाटा घेतात; इव्होल्यूशन ऑनलाइन कॅसिनोला खेळ पुरवून कमाईतला वाटा घेते. एक कॅसिनो बुडाला तर मशीन उचलून दुसरीकडे. एलआरएसमधून, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून, परदेशी शेअर घेता येतात, सगळं कायदेशीर. तुमचं काय मत?

इतवारीवाला
नका घेऊ. काऊन म्हणाल तर ज्या धंद्याचं झाड सरकारच्या अंगणात आहे, त्याच्या सावलीत खाट टाकू नये. आपल्याच राज्यात पाहा ना. कॅसिनोचा कायदा 1976 मध्ये झाला, कधी लागूच झाला नाही, आणि 2023 मध्ये सरकारनं तो रद्द करून टाकला. त्या आशेवर कोणी जमीन घेऊन बसला असता तर?

परदेशात वेगळं आहे असं समजू नका. ब्रिटनच्या नियामकानं 2024 च्या डिसेंबरात इव्होल्यूशनच्या परवान्याची तपासणी सुरू केली. परवान्यावर चालणाऱ्या धंद्यात मी एक रुपया टाकणार नाही.

मिहानकर
काका, दारू, औषधं, बँका, सगळंच परवान्यावर आहे. मग बाजारात उरतं काय? एका देशानं दार लावलं तर दुसऱ्या देशात चालू राहतं, हाच तर पुरवठादाराचा फायदा.

धरमपेठ_सीए
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली. इथे खरी मालमत्ता मशीनची पेटी नाही, तिच्यातला गेम आहे. लाइट अँड वंडरचा ‘ड्रॅगन ट्रेन’ जोरात चालला होता. अ‍ॅरिस्टोक्रॅट कोर्टात गेली, म्हणाली आमचं गणित चोरलं. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या कोर्टानं तात्पुरती मनाई केली आणि लाइट अँड वंडरचा शेअर एका दिवसात जवळपास पाचव्या हिश्शानं पडला. मिहानकर, यात सरकार कुठेच नव्हतं. घ्यायचेच असतील तर गेम कोणाचा आणि दावे किती, हे वार्षिक अहवालात आधी वाचा. इतवारीचे काका सांगतात तसं पूर्ण टाळायची गरज मला दिसत नाही.

नंदनवनची_ताई
मी शेअरमधलं फार जाणत नाही, पण गप्प बसवत नाही म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ रमी खेळायचा, फोनवर. एका रात्री पाणी प्यायला उठले तर त्याच्या उशाशी फोन उजळला. 2 वाजून 14 मिनिटं. बँकेचा मेसेज, 500 रुपये गेले. मी उभी होते तेवढ्यात आणखी दोन आले. हातात फोन तसाच धरून तो जागाच होता, माझ्याकडे पाहिलंही नाही. आईच्या बांगड्या त्याच वर्षी गहाण गेल्या.

ऑगस्ट 2025 मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, ॲप बंद झालं, तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा रात्री दिवा वेळेवर विझला. मिहानकर दादा, तुम्ही म्हणता मशीनवाल्याला रोजच्या कमाईतला वाटा मिळतो. ती कमाई म्हणजे कोणाचं तरी हरणं. सिडनीत हरणाऱ्यालाही बहीण असेलच की.

मिहानकर
ताई, दोनदा वाचलं. तुमच्याशी वाद घालणार नाही. डेल्टाचे शेअर होते तेव्हा मी फक्त भाव पाहत होतो, हरणारा माणूस माझ्या हिशोबात कुठेच नव्हता. माझं गणित आजही चुकीचं वाटत नाही मला, पण या महिन्यात ऑर्डर टाकत नाही. भाऊ आता कसा आहे?

नंदनवनची_ताई
सक्करदऱ्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जातो. पगार आईच्या हातात देतो.

इतवारीवाला
ताई, बांगड्या सोडवायच्या असतील तर सराफ्यात माझ्या ओळखीचे आहेत. निरोप पाठवा.