मेट्रोमुळे घरभाडे वाढले, असे आकडेवारीवरून म्हणता येईल का?

प्रश्न (खारघर, एम. ए. अर्थशास्त्र, दुसरे वर्ष)

नवी मुंबईतली बेलापूर ते पेंधर मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झाली. तिच्यामुळे आसपासची घरभाडी किती वाढली, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. खारघर आणि तळोज्यातल्या इस्टेट एजंटांच्या वह्यांमधून मी आधीच्या आणि नंतरच्या भाडेकरारांची नोंद केली आणि चटईक्षेत्र, मजला, इमारतीचे वय व पाचशे मीटरच्या आतील दुकानांची संख्या हे चल (बदलणारे घटक) घेऊन रिग्रेशन केले, म्हणजे एकेका घटकाचा भाड्याशी असलेला संबंध गणिताने वेगळा काढला. स्थानकाजवळच्या घरांचे भाडे स्पष्टपणे जास्त दिसते. तरीही मार्गदर्शकांनी ‘परिणाम’ हा शब्द खोडून तिथे ‘संबंध’ लिहिले. इतके चल नियंत्रित केल्यावरही परिणाम का म्हणता येत नाही? नवी मुंबईतल्याच, पण या मेट्रोपासून दूर असलेल्या उलव्याशी तुलना केली तर चालेल का?

उत्तर 1 (ठाणे, अर्थमिती शिकवतो)

मार्गदर्शकांची दुरुस्ती योग्य आहे. कोणाच्या घराजवळ मेट्रो यावी हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नाही. सिडकोने वसाहतींच्या नियोजनाबरोबरच मार्ग आखला. रुंद रस्ते, बाग, नवे बांधकाम यांमुळेही भाडे चढते, आणि त्यांचा रकाना तुमच्या तक्त्यात नाही. न मोजलेल्या अशा गोष्टींचा वाटा मेट्रोच्या गुणांकात, म्हणजे रिग्रेशनने मेट्रोच्या नावे दाखवलेल्या आकड्यात, जमा होतो. मोजलेल्या चलांची यादी लांबवल्याने हा दोष आपोआप जात नाही. दुकानांच्या संख्येने तर तो वाढतोच. मेट्रो आल्यावर स्थानकाजवळ दुकाने थाटली गेली असतील, तर ती मेट्रोच्या परिणामाचाच भाग आहेत, आणि ती स्थिर धरली की जे मोजायचे तेच आपण वजा करून टाकतो.

‘फरकातील फरक’ ही पद्धत इथे उपयोगी पडेल. समजा, स्थानकाजवळचे भाडे 18,000 वरून 22,000 झाले आणि त्याच काळात दूरच्या सेक्टरात 16,000 वरून 18,500 झाले. वाढ अनुक्रमे 4,000 आणि 2,500. मेट्रोच्या खात्यावर 1,500. पण हे तेव्हाच खरे, जेव्हा मेट्रो आली नसती तर दोन्हीकडची भाडी सारख्याच गतीने वाढली असती. हे गृहीतक सिद्ध करता येत नाही, मात्र मेट्रोआधीच्या काही वर्षांचे आलेख शेजारीशेजारी ठेवून त्याची परीक्षा घेता येते. वाढ रुपयांत मोजायची की भाड्याचा लॉग घेऊन, म्हणजे साधारण टक्क्यांत, हेही आधी ठरवा, कारण मूळ भाडी वेगळी असताना रुपयांतली समान वाढ टक्क्यांत समान राहत नाही.

उलवे मात्र घेऊ नका. मेट्रोनंतर दोन महिन्यांच्या आत, 12 जानेवारी 2024 रोजी त्या भागाला मुंबईशी जोडणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकलही सुरू झाली. तिथली भाडी या कारणांनी चढली असतील, तर तुमचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी येईल. लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नोने 1854 च्या पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत, रोग पाण्यातून पसरतो हे दाखवण्यासाठी, जी तुलना केली तिचे बळ यातच होते, की दोन पाणी कंपन्यांचे नळ एकाच गल्लीतल्या शेजारशेजारच्या घरांत गेले होते आणि त्यांपैकी एकीनेच 1852 मध्ये नदीच्या वरच्या बाजूचे स्वच्छ पाणी घ्यायला सुरुवात केली होती. तुम्हीही तुलना खारघरमध्येच शोधा.

उत्तर 2 (कोपरखैरणे)

सरांच्या उत्तराला एक पुरवणी. या मेट्रोचे काम 2011 मध्ये सुरू झाले आणि बरीच वर्षे रखडले. विक्रीच्या किमतीत ती अपेक्षा आधीच मिसळलेली असते, म्हणून तुम्ही भाडे निवडले हे फार चांगले केले. न धावणाऱ्या गाडीसाठी भाडेकरू सहसा जास्त पैसे मोजत नाही. परंतु आपल्याकडे करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी ठरलेल्या टक्क्यांनीच भाडे वाढते, त्यामुळे नवे करार आणि नूतनीकरणे वेगळी ठेवा. तसेच एकाच सोसायटीतली वीस घरे म्हणजे वीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. प्रमाण त्रुटी (अंदाज किती अनिश्चित आहे याचे माप) सोसायटीनुसार, शक्य असल्यास सेक्टरनुसार, गट करून काढा. नाहीतर नसलेली खात्री आकड्यांत दिसेल.

उत्तर 3 (तळोजा, घरमालक)

मला रिग्रेशन येत नाही, पण एक गोष्ट सांगतो. मेट्रो सुरू झाल्यानंतर आमच्या मजल्यावरच्या एका मालकाने भाडे तेवढेच ठेवले आणि अनामत रक्कम पंचवीस हजारांवरून पन्नास हजार केली. तुमच्या वहीत ते घर ‘वाढ नाही’ असेच दिसेल.

प्रश्नकर्ती

काका, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. एजंटांच्या वह्यांत अनामतीचा रकाना आहे, मी तो उतरवून घेतला नव्हता. दुकानांचा चल काढते आणि उलव्याऐवजी खारघरमधलेच स्थानकांपासून दूरचे सेक्टर घेते. सर, खारघर रेल्वे स्थानकाला लागून असलेले सेक्टर तुलनेत ठेवावेत का? तिथल्या रहिवाशांना लोकल आधीपासून जवळ आहे.

उत्तर 1

वगळा. त्यांना मेट्रोचा उपयोग कमी, आणि तिथले भाडे लोकलच्या प्रवाशांवर ठरते. त्याची गती वेगळी असण्याचा संभव आहे. वगळून आणि ठेवून असे दोन्ही निकाल प्रकल्पात द्या. आकडा फारसा हलला नाही, तर मार्गदर्शकांपुढे ‘परिणाम’ हा शब्द पुन्हा ठेवा.