लकडी पूल देखणा, गोष्ट मात्र अर्धी
‘चित्रं इतकी सुंदर असताना कथानकाची तक्रार कशाला?’ हे पुण्यात घडणाऱ्या या चित्रकथेबद्दल (कॉमिकबद्दल) एका वाचकाने मांडलेलं मत मला पटत नाही. कोरड्या मुठेवरचा मोडका लकडी पूल, मागे जांभळं आभाळ... त्या पानावर मीही बराच वेळ रेंगाळले. रंगकाम अव्वलच! पण गोष्टीतली मुलगी बोगद्यात का शिरते? शेवटच्या पानावर ते यंत्र अचानक कुठून उगवतं? फ्रेंच चित्रकार मोबियसची १९७५ची ‘आर्झाक’ ही चित्रकथा संवादांशिवाय चालते, तरी एका चौकटीतून दुसरीत जाताना काय घडलं ते कळतं. म्हणजे अडचण शब्दांची नाही, पानं कमी असल्याचीही नाही. पुलाच्या दोन भव्य चौकटींपैकी एक वगळून तिथे मुलीचा निर्णय दाखवायला हवा होता. हा चित्रकार तो नुसत्या चेहऱ्यावरून दाखवू शकला असता.