कस्टम लूपसाठी केस: तीन रेडिएटर ‘बसतात’ म्हणजे नेमके कसे बसतात?

निळा_लूप

नमस्कार मंडळी. रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड पाण्याने थंड करायच्या एकाच लूपमध्ये (पंप, ब्लॉक आणि रेडिएटर ट्यूबने जोडलेलं पाण्याचं वर्तुळ) घ्यायचे आहेत. कार्डला पूर्ण लांबीचा ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) लागेल, पंप डी५ आणि टाकी एकत्र, ट्यूब १४ मिमीची कडक. मदरबोर्ड एटीएक्स मापाचा. मशीन शांत हवं, पंखे शक्यतो मिनिटाला १००० फेऱ्यांच्या वर जाऊ नयेत.

अडलंय केसवर. एक पर्याय समोरून हवा घेणारा उंच टॉवर, दुसरा ओ११ डायनॅमिकसारखा दोन कप्प्यांचा. दोन्हींच्या माहितीपत्रकात तीन-तीन ठिकाणी ३६० चा (१२० मिमीचे तीन पंखे लागतील एवढा) रेडिएटर बसतो असं लिहिलेलं आहे. तिन्ही एकाच वेळी बसतात का? जाडी किती धरायची? आणि तिसरा बसवून खरंच फरक पडतो का?

---

शांत_पंखा

तिसऱ्याचा प्रश्न आधी घेतो, कारण केस किती मोठी लागेल ते त्यावर ठरतं.

७९५०एक्स मूळ सेटिंगवर २३० वॅटपर्यंत जातो आणि ४०९० ची मर्यादा ४५० वॅट. दोन्ही पूर्ण ताणले तर ६८०. गेम खेळताना प्रोसेसर एवढं घेत नाही, तेव्हा ४५०-५०० वॅट धरा. १२० मिमीच्या एका भागाने साधारण १०० वॅट बाहेर टाकावेत आणि पाणी खोलीपेक्षा १० अंश वर राहावं, हा अंदाज बाराशेपेक्षा कमी फेऱ्यांवरही बऱ्यापैकी जुळतो. दोन ३६० म्हणजे सहा भाग. तुमच्या कामाला ते पुरतात.

पण दोन्ही रेडिएटरना ताजी हवा मिळाली तरच हा हिशोब खरा. एका पंख्यातून रेडिएटरपार तासाला ५० घनमीटर हवा जाते असं समजा. तीन पंख्यांची हवा ३०० वॅट घेते तेव्हा ती साधारण ६ अंशांनी तापते. समोरचा रेडिएटर हवा आत घेणारा आणि वरचा बाहेर टाकणारा असेल, तर वरच्याच्या वाट्याला हीच तापलेली हवा येते. पाणी खोलीपेक्षा १० अंश वर असेल तर वरच्यासाठी फरक उरला फक्त ४ अंशांचा, म्हणजे त्याचं काम निम्म्याहून कमी झालं. तीन रेडिएटरवाल्या बिल्डमध्ये ‘तिसरा लावूनही दोनच अंश कमी झाले’ ही तक्रार येते, ती बहुतेक वेळा यामुळेच.

म्हणून केस बघताना रेडिएटरच्या जागा मोजण्यापेक्षा बाहेरची थंड हवा थेट किती ठिकाणांहून येते ते मोजा. टॉवरमध्ये अशी मोठी जागा बहुधा एकच असते, समोरची. दोन कप्प्यांच्या केसमध्ये दोन, बाजूची आणि तळाची.

जाडीचं म्हणाल तर हजार फेऱ्यांवर ६० मिमीचा रेडिएटर ३० मिमीच्यापेक्षा फार पुढे जात नाही. जाड गाभ्याचा फायदा पंखे जोरात फिरतात तेव्हा. तुम्हाला शांतता हवी आहे, तर जाडी नको, क्षेत्रफळ घ्या. रेडिएटरच्या धातूच्या पात्यांची दाटीही बघा. इंचाला १० ते १६ पाती असतील तर कमी फेऱ्यांवर चांगलं चालतं.

---

मोजपट्टी

माहितीपत्रकातलं ‘वर ३६०, समोर ३६०, खाली ३६०’ हे प्रत्येक जागेचं सुटं उत्तर असतं. तिन्ही एकत्र बसतील असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. गाडं अडतं ते कोपऱ्यांत.

३६० च्या रेडिएटरची लांबी ३६० नसते. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून ती ३९० ते ४०५ मिमी भरते, शिवाय पोर्टच्या बाजूला फिटिंग. ९० अंशांचं फिरतं फिटिंग आणि ट्यूबचा कॉलर मिळून आणखी ३० ते ४० मिमी खातात. टॉवरमध्ये समोरच्या रेडिएटरचं वरचं टोक आणि वरच्याचं पुढचं टोक एकाच कोपऱ्यात येतं. माहितीपत्रकात ‘समोर जाड रेडिएटर लावल्यास वर २८०’ (म्हणजे १४० मिमीच्या दोनच पंख्यांचा) अशी बारीक अक्षरातली ओळ असेल तर ती याचसाठी. समोरचा रेडिएटर खाली सरकवायचा तर वीजपुरवठ्यावरच्या झाकणात तेवढी खाच हवी, आणि खाली हार्ड डिस्कचा पिंजरा असेल तर तो काढता यायला हवा.

वरच्या जागेसाठी मदरबोर्डच्या वरच्या कडेपासून केसच्या छतापर्यंतचं अंतर मोजा. ३० मिमी रेडिएटर आणि २५ मिमी पंखा मिळून ५५ झाले. अंतर ६० असेल तर काम होईल, पण प्रोसेसरच्या वीजजोडाचे ८ पिनांचे प्लग आधीच लावून केबल वळवून ठेवाव्या लागतील, कारण नंतर तिथे बोटं पोचत नाहीत. अंतर ३५-४० च असेल तर बघा की छतावरच्या स्क्रूच्या खाचा काचेच्या बाजूला सरकवलेल्या आहेत का. तशा असतील तर पंखा बोर्डाच्या समोर उतरतो आणि अडचण फक्त रॅमच्या उंचीची उरते. उंच पत्र्याची रॅम ४४ मिमीच्या वर जाते, साधी ३२ च्या आसपास असते. व्हीआरएमच्या (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) हीटसिंकचा उंच भाग बोर्डाच्या वरच्या कडेला येतो का, तेही फोटोत तपासा.

पुढे कार्ड. ब्लॉक लावल्यावर कार्डाची लांबी सर्किट बोर्डाएवढीच राहते, म्हणून ती बऱ्याचदा कमी होते. रुंदी मात्र वाढते. ब्लॉकचं पाण्याचं टर्मिनल कार्डाच्या कडेबाहेर येतं, आणि ४०९० च्या १६ पिनांच्या केबलला प्लगपासून ३५ मिमी सरळ ठेवूनच वळण द्यायचं असतं. काचेला टेकून केबल वाकली की संपर्क ढिला होतो आणि प्लग तापतो. मदरबोर्डापासून काचेपर्यंत किती जागा आहे, ते प्रोसेसर कूलरच्या कमाल उंचीवरून कळतं. तो आकडा १६५ च्या वर असलेला बरा.

---

निळा_लूप

दोघांचे आभार. आता टॉवरचे आकडे असे: छताचं अंतर ६२ मिमी, कार्डाची कमाल लांबी ४२० मिमी, ब्लॉकसह कार्ड २७० मिमी. समोर ४५ मिमीचा घेतला तर टाकी कुठे? आणि दोन कप्प्यांच्या केसमध्ये तळाला रेडिएटर लावणं बरं की बाजूला आणि वर?

---

मोजपट्टी

४२० मधून ४५ आणि २५ वजा करा, ३५० उरले. त्यातून कार्डाचे २७० गेले की ८०. डी५ ची टाकी ६० ते ६५ मिमी व्यासाची आणि ब्रॅकेट धरून ७५ पर्यंत जाते. म्हणजे बसेल, पण कार्डाच्या टोकाशी पाच मिमी. तिथून कडक ट्यूब वळवायची सोय राहत नाही. समोर ३० चा घ्या, मग ९५ मिळतात आणि हात फिरतो. कमाल लांबीचा आकडा समोरचे पंखे धरून दिलाय की न धरता, तेही आधी बघा. निर्मात्यागणिक पद्धत वेगळी असते आणि २५ मिमीची गफलत इथे सगळं बिघडवते.

टॉवर घ्यायचाच तर थोडा मोठा बघा. फ्रॅक्टलच्या डिफाइन ७ एक्सएलमध्ये समोर आणि वर ४८० पर्यंतची जागा आहे. तिची दर्शनी बाजू बंद दाराची, आवाज दाबणारी. मेशिफाय २ एक्सएलचा सांगाडा तोच, फक्त पुढे जाळी. पाण्याच्या लूपसाठी जाळीवाली घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. बंद दारामुळे हवा बाजूच्या फटींतून ओढावी लागते, पंख्यांच्या फेऱ्या वाढतात आणि दाराने दाबलेला आवाज पंख्यांनी परत येतो.

---

शांत_पंखा

दोन कप्प्यांच्या केसमध्ये बाजूचा आणि तळाचा रेडिएटर, दोन्हीकडून हवा आत, आणि वर नुसते तीन पंखे बाहेर. उष्णतेच्या हिशोबाने हीच मांडणी सर्वांत चांगली. तळाशी केसचे पाय किमान २०-२५ मिमी उंच हवेत आणि गाळणी बाहेर ओढून साफ करता यावी.

---

तांबे_पितळ

इथे मी असहमत आहे. तळाचा रेडिएटर कागदावर छान दिसतो, पण ५५ मिमीचा थर मदरबोर्डाच्या खालच्या कडेवर चढतो. यूएसबी, पॉवर बटण आणि पंख्यांचे सगळे जोड तिथेच असतात. एक पिन निघाली तर अख्खा लूप रिकामा करून रेडिएटर उतरवायचा. शिवाय तळाला पडलेल्या रेडिएटरचे पोर्ट वर तोंड करून असतील तर त्यातलं पाणी आपोआप निघत नाही, मशीन तिरकं करावं लागतं.

माझी शिफारस: बाजूचा रेडिएटर हवा आत घेणारा, वरचा बाहेर टाकणारा आणि तळाला रेडिएटरशिवाय तीन पंखे आत. शांत_पंखा यांचाच हिशोब वापरतो. आत येणारी हवा आता दुप्पट झाली, म्हणून बाजूच्या रेडिएटरची ३०० वॅट उष्णता मिसळूनही ती सरासरी ३ अंशच तापते. वरच्याला १० पैकी ७ अंशांचा फरक मिळतो. थोडं नुकसान आहे, पण दुरुस्ती सोपी राहते आणि तळाच्या एका पंख्याच्या जागी पंप-टाकी उभी करता येते.

केसबरोबर डिस्ट्रो प्लेट (ट्यूबऐवजी आतल्या वाटांतून पाणी वाटणारी पाटी) घ्यायचा मोह होतो. बाजूला लागणारी प्लेट बाजूच्या रेडिएटरची जागा खाते, हे विसरू नका.

---

शांत_पंखा

मिश्रणाचा मुद्दा मान्य. तळाला नुसते पंखे ठेवले तर माझाही विरोध नाही. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर जी१/४ (लूपच्या फिटिंगचा नेहमीचा आटा) प्लगमध्ये मिळतो. मदरबोर्डावर दोन पिनांचा तापमानाचा जोड असेल तर पंखे त्यावर चालवा. प्रोसेसरच्या तापमानावर चालवले तर ते दर काही सेकंदांनी वरखाली होतात आणि शांततेचा हेतूच फसतो.

---

निळा_लूप

मग दोन कप्प्यांचीच घेतो, बाजू आणि वर. पाणी आधी कार्डाकडे न्यायचं की प्रोसेसरकडे? आणि पाणी काढायची सोय केसमध्ये कुठे ठेवायची?

---

तांबे_पितळ

क्रमाने फार बिघडत नाही. मिनिटाला ४ लिटर वाहिलं तर ६८० वॅटने अख्ख्या लूपमधलं पाणी जेमतेम अडीच अंशांनी वरखाली होतं. प्रवाह १ लिटरवर घसरला तरच हा फरक १० अंशांच्या जवळ जातो. तेव्हा ट्यूबचा सर्वांत छोटा आणि कमी वळणांचा मार्ग घ्या. अट एकच, टाकीतलं पाणी थेट पंपात उतरलं पाहिजे.

पाणी काढायची जागा लूपच्या सर्वांत खालच्या बिंदूवर. तिथे टी फिटिंग, त्याला बॉल व्हॉल्व्ह आणि पुढे बंद प्लग. व्हॉल्व्हची मूठ फिरायला ४० मिमी तरी मोकळे ठेवा आणि त्याखाली वीजपुरवठा येऊ देऊ नका. पाणी काढताना वरचं एक झाकण उघडायचं, नाहीतर हवा आत येत नाही आणि धार थांबते. बाजूच्या उभ्या रेडिएटरचे पोर्ट खाली ठेवले तर वरच्या टाकीत हवा अडकते. तिथे हवा काढायचा जादा पोर्ट असलेलं मॉडेल घ्या किंवा पोर्ट वर ठेवा. पोर्ट वर ठेवले तर रिकामं करताना थोडं पाणी आत राहील, हे धरून चाला.

बसवताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, स्क्रू. २५ मिमी पंख्यातून ३० मिमीचा स्क्रू जातो. रेडिएटर थेट केसला लावताना तोच वापरला तर तो पाण्याच्या नळीत घुसतो, तिथे ५ मिमीचा हवा. आटे एम३ आहेत की एम४, तेही रेडिएटरनुसार बदलतं. दुसरी, धातू. ब्लॉक तांब्याचे किंवा निकेल चढवलेले असतील तर अॅल्युमिनियमचा रेडिएटर लूपमध्ये चालत नाही, तो गंजून आतून झिजतो.

भरण्याआधी हवेची चाचणी: हातपंपाने ०.५ बार, अर्धा तास काटा जागेवर. त्याहून जास्त दाब देऊ नका, टाकीची अॅक्रिलिक तडकते. मग मदरबोर्डाचा २४ पिनांचा प्लग काढून त्यात जंपर (मदरबोर्डाशिवाय वीजपुरवठा चालू करणारा जोड) लावा आणि वीज फक्त पंपाला द्या. टाकी भरा, दोन-तीन सेकंद पंप चालवा, बंद करा, परत भरा. डी५ ला थंडावा आणि वंगण पाण्यातूनच मिळतं, कोरडा फिरवला तर बेअरिंग जातं. अशा लूपमध्ये साधारण एक लिटर मावतं, दीड लिटर जवळ ठेवा.

---

मोजपट्टी

केस मागवण्याआधी बोर्डाची रुंदीही एकदा बघा. एटीएक्स २४४ मिमी असतो. दोन कप्प्यांच्या केसमध्ये बाजूचा रेडिएटर बोर्डाच्या पुढच्या कडेलगत येतो, आणि ‘ई-एटीएक्स’ म्हणून विकले जाणारे २७० च्या पुढचे बोर्ड केबलची भोकं झाकतात. तुमचा एटीएक्स आहे, तेव्हा अडचण नाही. तरी २४ पिनांची केबल रेडिएटर बसवण्याआधी ओढून ठेवा.