गरीब वस्तीतल्या मुलांना बेसबॉल कशाला?

मिशिगनकर: ‘आरबीआयवर (शहरी गरीब वस्त्यांतल्या मुलांना बेसबॉल शिकवणाऱ्या उपक्रमावर) मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीग, उगाच पैसे उधळते, त्यापेक्षा त्या मुलांना गणिताची शिकवणी लावा’, हा इथलाच कालचा लेख वाचून गप्प बसवेना. शहरी वस्त्यांमधून खेळाडू येईनासे झाले आहेत, हे नवे खेळाडू हेरत हिंडताना लक्षात आल्यावर जॉन यंग या माजी खेळाडूने १९८९ साली लॉस एंजेलिसमध्ये हा उपक्रम सुरू केला. आपल्या मुलांना तबला, पोहणे आणि बुद्धिबळ हवे, आणि दुसऱ्यांच्या मुलांना फक्त गणित, हा कुठला न्याय?

कालचा लेखक: भावना पोचल्या, आता आकडे पाहा. १९८१ च्या सुमारास मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू १८ टक्क्यांच्या आसपास होते, २०२४ च्या हंगामारंभी ते ६ टक्क्यांवर आले. आरबीआयमधून मेजर लीगपर्यंत पोचलेले सबाथिया आणि जिमी रॉलिन्स ही दोन नावे अजून किती वर्षे पुरवून खाणार?

एडिसनमधली आई: आकडे घसरले ते ट्रॅव्हल बॉलमुळे, म्हणजे भरपूर फी घेऊन गावोगावच्या स्पर्धांना नेणाऱ्या खासगी संघांमुळे. माझ्या मुलाच्या संघात एक उत्तम पिचर (चेंडू फेकणारा) होता. त्याची आई गोदामात रात्रपाळी करी, म्हणून तो आमच्याच गाडीतून येई आणि माझ्या मुलाचीच चारशे डॉलरची बॅट वापरी. पुढच्या हंगामाची फी भरायची वेळ आली आणि तो यायचा बंद झाला. कॉलेजचे प्रशिक्षक खेळाडू पाहायला येतात ते या पैशांच्या स्पर्धांना, आणि शिष्यवृत्त्या तरी किती? पहिल्या श्रेणीतल्या कॉलेजच्या अख्ख्या बेसबॉल संघाला २०२५ पर्यंत वर्षानुवर्षे जास्तीत जास्त ११.७ होत्या, त्याही तुकडे करून वाटलेल्या.

नेपरव्हिलकर: फी सोडा, आधी प्रामाणिकपणा शिकवा. शिकागोच्या जॅकी रॉबिन्सन वेस्ट संघाने २०१४ मध्ये लिटल लीगचे (लहान मुलांच्या बेसबॉलचे) अमेरिकन विजेतेपद मिळवले आणि संघाला नेमून दिलेल्या हद्दीबाहेरची मुले खेळवल्याचे उघड होताच फेब्रुवारी २०१५ मध्ये ते गमावले.

मिशिगनकर: हद्दीच्या नकाशात फेरफार केले मोठ्यांनी आणि किताब हिरावला बारा वर्षांच्या मुलांकडून! आणि हद्दीचा धडा शिकागोच्या सधन उपनगरातून, नेपरव्हिलहून यावा? तिथे आपल्या लोकांनी घरे घेतली ती शाळेची हद्द पाहूनच ना?

नेपरव्हिलकर: घर विकत घेणे आणि नकाशा खोटा करणे यातला फरक ज्याला कळत नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी कर भरतो.

मिशिगनकर: तेच तर म्हणतो आहे! ज्याच्याकडे पैसे आहेत, त्याला हद्द विकत घेता येते.

नेपरव्हिलकर: शिक्षा प्रशिक्षकांपुरती ठेवायला हवी होती, एवढे मान्य करतो. यापुढे एक अक्षरही नाही.

कालचा लेखक: माझ्या लेखावरची चर्चा शिकागोला पळवल्याबद्दल दोघांचे आभार. एडिसनच्या ताईंचा मुद्दा मात्र नाइलाजाने मान्य. पण मग मेजर लीगने फुकट टोप्या आणि ग्लव्ह वाटण्याऐवजी त्या पिचरची फीच भरावी, की त्यात फोटो चांगले येत नाहीत?